पुढच्या सभेतलं उत्तर

व्यंकोबारावांना विचारायची खोड होती. आता खोडी कुणाला नसतात म्हणा, पण यांची म्हणजे काही औरच. कुंभकोणमच्या रजिस्ट्रार कचेरीसमोर, करंजाच्या झाडाखाली चटई टाकून आणि उतरतं डेस्क मांडीशी ओढून ते तीस वर्षं दस्त लिहीत बसले. गावात घर विकलं जावो, शेत वाटलं जावो, कुणी मुलीच्या नावानं बाग करून देवो, कागद व्यंकोबारावांच्या हातचा. दस्त लिहायचा म्हणजे चार गोष्टी विचाराव्या लागतातच. पूर्वेला कुणाचं रान, पश्चिमेला कुणाची भिंत, विहिरीवर हक्क कुणाचा. इथवर सगळेच विचारतात. पण व्यंकोबारावांचं इथे संपायचं नाही, इथे सुरू व्हायचं. विहिरीचं पाणी गोड की मचूळ? थोरल्या भावाशी बोलणं का तुटलं? आणि जमीन विकून तू दिवसभर करणार काय रे बाबा? तिरुक्करुगावूरचा एक शेतकरी तर यांच्या प्रश्नांची उत्तरं देता देता मध्येच थांबला, कोरा स्टॅम्प पेपर उचलून काखोटीला मारला आणि जमीन न विकताच घरी गेला. घेणारा आला होता तो व्यंकोबारावांच्या नावानं बोटं मोडत बसला. हे मात्र खुशीत होते. ‘त्याला विकायचीच नव्हती हो,’ म्हणाले, ‘कुणी विचारलंच नव्हतं त्याला!’

त्यांचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यात चाकरीला होते. वडील राजवाड्याच्या धर्मादाय खात्यात मोडी लिहायचे. पुढे मोडीला कुणी विचारीना, तेव्हा व्यंकोबारावांनी बोरू तमिळकडे वळवला. पण हात लहानपणी जसा वळला तसा वळला. त्यांची तमिळ अक्षरं एकमेकांचा हात धरून, उजवीकडे धावत सुटल्यासारखी दिसायची. वाचायला स्वच्छ, दिसायला जगावेगळी. तमिळ लोक त्यांना रायर म्हणत, जसं ते आपल्या मराठी लोकांना सगळ्यांनाच म्हणतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. एकदा पुण्याहून कुणी पाहुणे आले होते. व्यंकोबारावांचं बोलणं ऐकून ते गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, ‘वा, अगदी बखर ऐकल्यासारखं वाटतं.’ कौतुकानं म्हणाले असतील, पण व्यंकोबारावांना ते लागलं. तिकडचे म्हणावेत तर तिकडे हसतात. मग इकडचे तरी आहोत ना आपण, असा एक खडा त्या दिवसापासून मनात टोचत राहिला.

आणि इकडे रामलिंगम होते.

रामलिंगम नगरसभेचे सभासद. पितळेच्या भांड्यांच्या कारखान्यात घागरी घासत वाढलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण आवाज असा की महामखम तळ्याच्या एका काठावर बोलले तर दुसऱ्या काठावरची म्हैस मान वर करील. देव मानायचे नाहीत, शकुन मानायचे नाहीत, भटजी तर मुळीच नाही. एक रविवार सोडून एक रविवार तळ्याच्या कोपऱ्यावर त्यांची सभा भरे. भाषण झालं की लोक चिठ्ठ्या पाठवत. ज्याला जे विचारायचं ते कागदाच्या कपट्यावर लिहायचं, पुढच्याच्या हातात द्यायचं, हातोहाती ते मंचावर जायचं. तमिळ मुलखातली रीतच आहे ती. रामलिंगम एकूणएक चिठ्ठी मोठ्यानं वाचत. शिव्या असल्या तरी वाचत, आणि वर म्हणत, ‘शिवी ठीक आहे, पण शुद्धलेखन सुधारा.’

पहिल्यांदा व्यंकोबाराव गेले ते नुसते ऐकायला. विड्याच्या दुकानाच्या आडोशाला उभे राहिले. नेमकं त्या दिवशी रामलिंगमनी दस्तलेखकांनाच धरलं. हे लोक मुद्दाम कुणाला न कळणारे शब्द घालतात, म्हणाले, म्हणजे आपण जन्मभर यांच्या चटईशी हात जोडून उभे. झालं, व्यंकोबारावांच्या टाळूला आग लागली. खिशातून कागद काढला आणि लिहिलं, ‘दस्तातले शब्द कळत नाहीत म्हणता. वकिलाचे कळतात? डॉक्टरचे कळतात? एक नागरिक.’ रामलिंगमनी ते वाचलं आणि म्हणाले, ‘नाही कळत. त्यांच्याबद्दल पुढच्या सभेत बोलतो.’ सभा हसली. व्यंकोबारावही हसले, मग आपण हसलो म्हणून स्वतःवरच चिडले. आणि पुढच्या सभेला, बोलतो म्हणाला होता तो बोलतो का पाहू, म्हणून परत गेले.

असं नऊ वर्षं चाललं. एकही गोष्ट अशी नव्हती की जिच्यावर या दोघांचं एकमत व्हावं. देवळावरून वाद, संस्कृतवरून वाद, शाळेतल्या प्रार्थनेवरून वाद. एकदा व्यंकोबारावांनी लिहिलं, ‘तुम्ही राहुकाल मानत नाही. मग सभा पाचची सांगून नेमकी सहाला, राहुकाल टळल्यावरच कशी सुरू होते?’ रामलिंगम म्हणाले, ‘मी मानत नाही, पण आमचा माईकवाला चंद्रमौळी मानतो. आणि तो नसला तर माझं नास्तिकपण तुम्हाला ऐकूच येणार नाही!’ माईकवाल्या चंद्रमौळीनं लाजून तोंड फिरवलं. व्यंकोबाराव घरी जाऊन भागीरथीबाईला हे सांगताना इतके हसले की त्यांना ठसका लागला. भागीरथीबाई म्हणजे त्यांची बायको. ती पाण्याचा पेला पुढे करत म्हणाली, ‘तुम्हांस तो मनुष्य आवडतों की नावडतों, तें एकदां नीट सांगा.’

‘नावडतों!’ व्यंकोबाराव म्हणाले. ‘त्याचें सगळें चुकतें.’

तर असं चाललेलं असताना रामलिंगमनी रस्त्यांच्या नावांचा विषय काढला. व्यंकोबारावांचं घर तिम्माजीपंत अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या आळीत. तिम्माजीपंत कोण, तर तंजावरच्या मराठी राजांच्या वेळचे कुणी कारभारी. ते नाव काढून तिथे एका जुन्या तमिळ कवीचं नाव द्यायचा ठराव पुढच्या महिन्यात नगरसभेपुढे यायचा होता. ‘बाहेरून आलेल्यांची नावं,’ रामलिंगम माईकमध्ये गरजले, ‘आपण अजून किती दिवस डोक्यावर वागवायची?’

टाळ्या पडल्या. विड्याच्या दुकानाच्या आडोशाला व्यंकोबारावांनी खिशातून कागद ओढला. बाहेरून आलेले! आजोबांच्या आजोबांची राखसुद्धा याच कावेरीत गेली आहे. त्यांनी इतक्या रागानं लिहिलं की निब कागदातून आरपार गेली. ‘आम्हाला येऊन पावणेतीनशे वर्षं झाली. माणूस इथला व्हायला किती वर्षं लागतात, तेवढा आकडा सांगा. एक नागरिक.’

चिठ्ठी हातोहाती मंचावर गेली. रामलिंगमनी ती मोठ्यानं वाचली. लोक हसायच्या तयारीत होते. पण रामलिंगम काही बोललेच नाहीत. त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा मनाशी वाचली, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. नऊ वर्षांत त्यांनी कुठली चिठ्ठी खिशात ठेवलेली कुणी पाहिली नव्हती. ‘याचं उत्तर,’ ते म्हणाले, ‘पुढच्या सभेत देतो.’

ही गोष्ट रविवारची. गुरुवारी रामलिंगम कामानिमित्त तंजावरला गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले. पापनाशमला गाडी थांबली तेव्हा शेजारच्यानं त्यांना हलवून विचारलं, कॉफी घेणार का? ते उठलेच नाहीत. वय अवघं एकावन्न.

बातमी घेऊन आले शेषाद्री. शेषाद्री हे वकिलाचे कारकून, व्यंकोबारावांचे शेजारी आणि शाळेपासूनचे सोबती. शुक्रवारी सकाळी ते ओट्यावर येऊन टेकले ते हसऱ्या तोंडानं. ‘रायर, घरात काही गोड आहे का? तुमचा तो गर्जना करणारा गेला!’

व्यंकोबारावांना पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायला हवं, कारण त्यांनी ते स्वतःच पुढे कबूल केलं. पहिल्यांदा वाटला राग. दुःख नव्हे, राग! अरे, तू पुढच्या सभेत उत्तर देतो म्हणालास आणि मध्येच असा उठून कसा जातोस? रंगात आलेली गोष्ट सांगणाऱ्यानं अर्ध्यावर सोडावी तसं झालं. मग लगेच त्यांना या विचाराची लाज वाटली. माणूस मेलाय आणि आपण उत्तराचा हिशेब मागतोय.

‘गोड कशाला?’ ते शेषाद्रींवर खेकसले. ‘मेला माणूस. त्याला बायको आहे.’

‘अहो, रविवारपर्यंत तुम्हीच तर त्याच्या नावानं दातओठ खात होता.’

‘खात होतो. तो होता म्हणून खात होतो!’

शेषाद्री हसत हसत उठले आणि जाता जाता म्हणाले, ‘बरं बाबा. पण लोक काय म्हणतायत ठाऊक आहे? रायरांची चिठ्ठी खिशात घातली आणि चार दिवसांत छाती फुटली. तुमच्या चिठ्ठीनंच घेतला त्याला!’

गंमत म्हणून बोलले ते. पण व्यंकोबारावांच्या हातातली कॉफी तशीच निवून गेली. लोक म्हणतायत म्हणजे काय? चिठ्ठी कुणाची हे लोकांना कसं ठाऊक? सही तर एका नागरिकाची होती. आणि खरंच तसं झालं असलं तर? त्या चिठ्ठीत आपण काही वावगं लिहिलं होतं का? त्यांनी मनात ती दहा वेळा वाचली. वावगं नव्हतं, पण राग होता.

दुपारी प्रेतयात्रा निघाली. रामलिंगमच्या पक्षाची माणसं हजारावर. भटजी नाही, शंख नाही, नुसते लोक. यात्रा अग्रहारातून जाणार नव्हती, बाहेरच्या मोठ्या रस्त्यानं वळून घाटाकडे जायची होती. अग्रहारातली बरीचशी दारं लावून घेतलेली. व्यंकोबाराव मात्र चालत चालत रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि कोपऱ्यावर उभे राहिले. त्या मुलखात खांद्यावरच्या उपरण्याला फार मान. मोठा माणूस समोर आला की लहानानं उपरणं खांद्यावरून काढून काखेत धरायचं, अशी जुनी चाल. रामलिंगम या चालीवर तुटून पडायचे. कुणीही कुणासमोर उपरणं काढू नका, म्हणायचे. यात्रा समोर आली. फुलांतून फक्त कपाळ आणि नाक दिसत होतं. व्यंकोबारावांनी आपलं उपरणं खांद्यावरून काढलं, काखेत धरलं आणि यात्रा संपेपर्यंत तसेच उभे राहिले. पाहणाऱ्यांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत अग्रहारात ते प्रत्येक ओट्यावर पोचलं होतं. दोघातिघांनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि खरं सांगायचं तर व्यंकोबारावांना तेवढाच निवांतपणा मिळाला.

पण डोक्यातला किडा काही स्वस्थ बसेना. काय उत्तर देणार होता हा? शंभर वर्षं म्हणाला असता? पाचशे? की हजार म्हणून सभेला हसवलं असतं? दस्त लिहिताना त्यांनी एकाच्या शेताची पूर्व पश्चिमेला लिहिली. असं तीस वर्षांत झालं नव्हतं. सोमवारी ते माईकवाल्या चंद्रमौळीच्या दुकानात जाऊन बसले आणि इकडचं तिकडचं बोलून, नेहमीसारखं घोळवत घोळवत, मुद्द्यावर आले. चंद्रमौळी म्हणाला, ‘मला काही बोलले नाहीत हो. पण त्या आठवड्यात गप्प गप्प होते. घरी काही बोलले असले तर बोलले असतील.’

घरी! म्हणजे घरी जाऊन विचारायला हवं. आता आली का पंचाईत? ज्या घरात माणूस जाऊन चार दिवस झाले, तिथे जाऊन बायकोला विचारायचं की बाई, माझ्या प्रश्नाचं काय झालं? आणि तिनं सांगितलं की त्या चिठ्ठीनंच त्यांचं काळीज पोखरलं, तर? व्यंकोबाराव ओट्यावर फेऱ्या मारायला लागले. भागीरथीबाई सुपात तांदूळ निवडत ते पाहत होती.

‘जायाचें आहे तर जावें की,’ ती म्हणाली. ‘दुःख विचारायास शत्रूच्याही घरीं जातात. उद्यां मंगळवार, उद्यां नको. बुधवारीं जावा.’

‘अगो, पण मी दुःख विचारायास कुठें जातों? मज ठाऊक आहे मी कशास जातों तें.’

भागीरथीबाईनं सूप खाली ठेवलं. ‘मग तें घरीं ठेवून जावा. तेथें जाऊन उगे बसावें. ती बोलली तर ऐकावें, न बोलली तर उठून यावें. तिजला एक अक्षर विचारूं नका. जमेल?’

व्यंकोबाराव फेऱ्या मारायचे थांबले. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं.

‘आणि पाणी घेऊं नका,’ तिनं मागून सांगितलं. ‘सुतकाचें घर. निघतांना येतों म्हणूं नका. नुसतें उठावें आणि निघावें. मी मागील दारीं आंघोळीचें पाणी काढून ठेवितें.’

बुधवारी सकाळी व्यंकोबाराव गेले. भांड्यांच्या कारखान्यांमागची अरुंद गल्ली. दोन्ही अंगांनी पितळेवर हातोड्या पडत होत्या, पण रामलिंगमच्या दारापुढचे दोन कारखाने बंद होते, तेवढाच तुकडा शांत. पुढच्या खोलीत चटईवर पाचसहा माणसं बसली होती. भिंतीशी रामलिंगमची तसबीर, आणि तसबिरीपुढे, आश्चर्य म्हणजे, समई. नास्तिकाच्या घरात समई! व्यंकोबारावांच्या ओठांवर प्रश्न आला, तो त्यांनी दाताखाली धरला.

नागलक्ष्मी, म्हणजे रामलिंगमची बायको, भिंतीला टेकून बसली होती. गोल चेहऱ्याची, सावळी, चाळिशीची. तिनं मान वर करून पाहिलं. मृत्यूच्या घरात आलेल्याला कुणी या म्हणत नाही. व्यंकोबाराव चटईच्या कडेला बसले. कुणी काही बोलेना. कोपऱ्यातली म्हातारी मधूनच सुस्कारा टाकायची. समई कुणी लावली? ही देव मानते का? तो काही म्हणायचा नाही? दोघांचं भांडण व्हायचं का? खिसा कुणी पाहिला? एकामागून एक प्रश्न येत होते आणि व्यंकोबाराव ते गिळत होते. घाम फुटला त्यांना. अर्धा तास ते असे बसले असतील. शेवटी, आता उठावं, आपल्या नशिबात हे उत्तर नाही, असं म्हणून त्यांनी गुडघ्यावर हात टेकला.

‘समई मी लावली,’ नागलक्ष्मी म्हणाली. ‘रायर मघापासून तिच्याकडेच बघतायत. ते नव्हते मानत, मी मानते. वीस वर्षं मी आत लावत होते, ते बाहेर भाषण करत होते.’

व्यंकोबाराव परत बसले.

‘रायर, चिठ्ठीवाले तुम्हीच.’

‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ निसटलाच शेवटी एक.

ती उठली, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक दस्त घेऊन आली. याच घराचा, बारा वर्षांपूर्वीचा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं एकमेकांचा हात धरून उजवीकडे धावत होती. ‘असं तमिळ गावात दुसरं कोण लिहितं?’ ती म्हणाली. ‘पहिल्याच चिठ्ठीला त्यांनी ओळखलं. घरी आले ते हसतच. म्हणाले, दस्तवाले रायर स्वतःला एक नागरिक म्हणवतात. पक्षातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सभा सुरू करायच्या आधी ते विचारायचे, विड्याच्या दुकानाशी रायर आले का? तुम्ही येईपर्यंत थांबायचे.’

व्यंकोबारावांना वाटलं, चटईखालची जमीन थोडी हलली. नऊ वर्षं आपण आडोशाला लपून उभे आणि साऱ्या सभेला ठाऊक! आणि तो आपल्यासाठी थांबायचा. राहुकाल टळायची वाट बघतायत म्हणून आपण चिठ्ठी पाठवली, तेव्हा तर आपल्यासाठीच... ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले. माणूस चुकीचा होता, अजूनही चुकीचाच होता, पण त्यांना आता तो हवा होता. अगदी समोर, माईकपाशी.

‘शेवटची चिठ्ठी,’ ते म्हणाले. बायकोला दिलेला शब्द मोडतोय हे त्यांना कळत होतं. ‘ती वाचून त्यांना फार त्रास झाला का? लोक म्हणतात, माझ्यामुळेच ते...’

‘लोकांना काय धंदा आहे?’ नागलक्ष्मी म्हणाली. ‘डॉक्टरांनी वर्षभर आधी सांगितलं होतं, ओरडून बोलू नका. ते कुणाचं ऐकतात? चिठ्ठीनं त्रास नाही झाला. चिठ्ठीनं त्यांना झोप लागेना, ते निराळं. म्हणाले, नऊ वर्षांत पहिल्यांदा रायरनं गाठलं मला. मला विचारलं, कारखान्यात विचारलं, न्हाव्याला विचारलं, माणूस इथला व्हायला किती वर्षं लागतात? कुणी शंभर म्हणालं, कुणी काही. त्यांना एकही आकडा पटेना.’

‘मग?’

‘गुरुवारी सकाळी, तंजावरला निघताना, चपला घालता घालता म्हणाले, सापडलं. आकडा नाही देता येत. पण रायरना मी एक विचारतो.’ खोलीतली माणसं आता तिच्याकडे बघत होती. ‘मी म्हटलं, सभेत विचारा. तर म्हणाले, नाही, सभेत नको. लोक हसतील, रायरला खाली बघावं लागेल. मी झाडाखाली जाऊन एकट्याला विचारीन.’

‘काय विचारणार होते?’

‘पावणेतीनशे वर्षांत तुम्ही आमच्या घरचं पाणी किती वेळा प्यालात?’

बाहेर दूरवर हातोड्या वाजत होत्या. उत्तर द्यायचं काम व्यंकोबारावांचं कधीच नव्हतं. त्यांची जागा प्रश्नाच्या अलीकडची, चटईवर, डेस्कामागे.

‘दस्ताच्या वेळी तुम्ही आला होता ना, चतुःसीमा बघायला,’ नागलक्ष्मी हळू आवाजात म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळेच ते ऐकवेना. ‘ऊन फार होतं. मी ताक घेऊन आले. तुम्ही म्हणालात, आज एकादशी. मी आत जाऊन पंचांग पाहिलं, तर पंचमी. यांना सांगितलं नाही मी, उगाच मनाला लावून घेतील म्हणून. तर गुरुवारी हे स्वतःच मला म्हणतात, अगं, मी तेव्हा पाहिलं होतं पंचांग. जन्मात एकदाच पाहिलं आणि तेही चोरून.’ आणि ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

व्यंकोबारावांना तो दिवस स्वच्छ आठवला. वाळ्याचा वास असलेलं, वर कोथिंबीर टाकलेलं ताक. तहान लागली होती. खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नव्हती, कारण ते खोटं आहे असंच तेव्हा वाटलं नव्हतं. तसं सगळेच बोलायचे, रीतच होती ती, वडीलही बोलायचे. लाजेनं त्यांचे कान तापले. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं. रामलिंगम तिथून बघत होते, चिठ्ठी वाचून झाल्यावर सभेकडे बघायचे तसे, पुरा वेळ देऊन.

‘बाई,’ व्यंकोबाराव म्हणाले, ‘मला पाणी द्या.’

कोपऱ्यातली म्हातारी दचकली. ‘अय्यो, दुःखाच्या घरी पाणी मागतात का कुणी? या ब्राह्मणाला एवढंही ठाऊक नाही?’

‘ठाऊक आहे, आजी,’ ते म्हणाले.

नागलक्ष्मी उठली, आत गेली, आणि घासूनपुसून लख्ख केलेला पितळेचा तांब्या दोन्ही हातांनी घेऊन आली. व्यंकोबारावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. घोट घोट करत, मध्ये न थांबता, तळ दिसेपर्यंत प्याले. पाणी गोड होतं. विहिरीचं का, हे त्यांनी विचारलं नाही. तांब्या खाली ठेवला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि तसबिरीकडे तोंड केलं.

‘एकदा,’ ते म्हणाले. ‘आजचं धरून.’

नागलक्ष्मीनं वाकून तांब्या उचलला.

‘अजून आणू, रायर?’ तिनं विचारलं.